बोरगावच्या बाजारात भरलेल्या बांगड्या

बोरगाव,
११ फेब्रुवारी १९८४

अण्णा,

तुला आणि राजावहिनीला नमस्कार. तुझं पत्र संक्रांतीला आलं आणि उत्तर आज निघतंय, म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी तुझा राग मागावर बसलास की उतरतो, हे मला ठाऊक आहे.

बातमी अशी की निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतलं काम मी सोडलं. रुक्मीचे वडील गेले तेव्हापासून ती धूळ नाकातोंडात घेत होते, आता खोकला बसू देईना की उठू देईना. बोरगावबाहेर नवा कारखाना निघालाय, तिथे लागले. कसला कारखाना ते सांगते, पण तू आधी बसून घे. मटणाचा आहे. मेंढरं कापून, साफ करून, बर्फाच्या गाडीतून मुंबईला आणि तिथून आखातात पाठवतात. मी कापायला नाही हं. मी धुण्याच्या खात्यात. ट्रे, मटण टांगायचे आकडे, टेबलं, जे जे चरबीनं माखतं ते गरम पाण्याच्या हौदात सोडा टाकून धुवायचं. अंगात पांढरा झगा असतो. रुक्मी म्हणते, आई, तू दवाखान्यातली बाई दिसतेस.

सासूबाईंना मटणाच्या कारखान्याचं नाव ऐकून शिसारी आली. घरात यायच्या आधी मागच्या दारी अंघोळ कर, असा त्यांचा हुकूम आहे. मी करते. परवा मात्र हळूच विचारत होत्या की कामगारांना घरी थोडं मटण देतात का.

हौदावर माझ्या शेजारी जयाबाई म्हणून बाई आहे, जवळच्या वाडीची. अखंड बडबड करते, आणि तिचे दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. तिचा नवरा मालट्रकवर असतो, महिना महिना घरी येत नाही. रस्त्यावरचं काम, म्हणून ती बांगड्यांना जिवापाड जपते. एक जरी टिचून वाढली तरी दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नसतं. कंपनीनं सगळ्यांना रबरी हातमोजे दिलेत, पण ते मनगटाशी अरुंद आहेत, बांगड्यांवरून जात नाहीत. म्हणून सगळ्या बाया उघडेच हात हौदात घालतात. सोडाच तर आहे, जन्मभर कपडे धुतले की आपण. माझे हात मोकळे, त्यामुळे माझा मोजा सरळ कोपरापर्यंत जातो. साहेब मला शहाणी समजतात.

तुझी,
तानी

—

शहापूर, बेळगाव,
२० फेब्रुवारी १९८४

चि. तानूस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून मी खरोखरच बसलो. आपले वडील कणकुंबीकडच्या रानात लाकडं तोडत होते पण मान ताठ होती, आणि त्यांची लेक मेंढरांची चरबी खरवडते. गल्लीत मी सांगितलंय की तू परदेशी माल पाठवणाऱ्या कंपनीत आहेस. खोटं नाही ते. उगाच कुणी खोलात विचारू नये एवढीच इच्छा.

आता कामाचं ऐक. तू सोडा सोडा म्हणतेस तो कुठला, हे मी आमच्या सूत रंगवणाऱ्या ज्योतिबाला विचारलं. हौदात टाकला की पाणी आपोआप गरम होतं का, आणि बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात का, असं त्यानं विचारलं. होत असतील तर तो कपडे धुण्याचा सोडा नव्हे, कास्टिक आहे. ती बुळबुळ साबणाची नसते, आपलंच कातडं विरघळत असतं. लगेच दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. ज्योतिबाच्या मनगटावर जुना डाग आहे, तो त्यानं मला बाही वर करून दाखवला. अंगावर उडालं तर तेल नाही, हळद नाही, आधी वाहत्या पाण्याखाली हात धरायचा आणि कंटाळा येईपर्यंत धरायचा. हे तुझ्या त्या बडबड्या जयाबाईलाही सांग.

मोजा घातल्याशिवाय हौदाला शिवू नकोस. वहिनी आठवण काढते. ती म्हणते, तानूला मटण फुकट मिळत असेल तर पाहुणी म्हणून बोलवायला हरकत नाही.

तुझा,
अण्णा

—

बोरगाव,
३ मे १९८४

अण्णा,

तुझं म्हणणं मी बायांना वाचून दाखवलं होतं. त्या हसल्या. भाजल्यावर पाणी घातलं की फोड येतात हे त्यांना आईच्या मांडीवर असल्यापासून माहीत. मुंबईचा डॉक्टर आला तरी त्यांनी ऐकलं नसतं, तिथे शहापूरच्या विणकराचं कोण ऐकतं?

गेल्या आठवड्यात जयाबाईचे हात गेले. गेले म्हणजे आहेत, पण कामाचे राहिलेले नाहीत. मुकादमानं तिला सकाळी दटावलं की मोजे घातल्याशिवाय हौदाजवळ जायचं नाही. तिनं कसेबसे घातले. बांगड्यांपाशी ते अडले आणि त्यांची तोंडं उघडी राहिली. ट्रे उचलून वर धरला की हातावरून ओघळणारं पाणी सरळ मोज्यात. आत बांगड्या, बांगड्यांखाली ते पाणी. तिला वाटलं घाम आहे. दुपारी ओरडायला लागली तेव्हा मोजे ओढून काढले. मी तिला नळाकडे ओढत होते, पण नळ पार दुसऱ्या टोकाला, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी खोबरेल आणि हळद थापली सुद्धा. दवाखान्यात कंपाउंडरनं बांगड्या फोडून काढल्या. अण्णा, ती बाई हातासाठी रडली नाही, बांगड्यांसाठी रडली. नवरा घाटात कुठे असेल आणि माझे हात मोकळे, एवढंच घोकत होती. दोन्ही मनगटांना कडं घातल्यासारखी जखम आहे, खोल.

कंपनी म्हणते चूक तिची. मोजे दिले होते, ते नीट घातले नाहीत, अंगावर दागिना ठेवला. तिचं नाव कामावरून कमी करणार. तिच्या नवऱ्यानं घाईनं परत येऊन बेळगावला तक्रार केली, म्हणून आता फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला यायचे आहेत.

आणि काल साहेबांनी मला आत बोलावलं. बसायला खुर्ची दिली. इतक्या महिन्यांत मला एकदाही भाजलं नाही, कारण मी मोजे नीट घालते, एवढंच इन्स्पेक्टरांना सांगायचं. पुढच्या महिन्यापासून धुण्याच्या खात्याची मुकादम मी. मी सांगणार नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण मी मान हलवून बाहेर आले. यात खोटं काहीच नाही ना? मी मोजे घालते, मला भाजत नाही. तरी मनाला पटत नाही. काय करू?

तानी

—

शहापूर,
१० मे १९८४

चि. तानूस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि वहिनीला एकदा वाचून दाखवलं. तुझी अडचण मला कळली नाही. खरं तेच सांगायचं आहे. जयाबाईचं वाईट झालं, पण तिचे हात तू भाजले नाहीस. तू कधी कुणाचं वाईट केलं नाहीस, तुझ्या पदरात रुक्मी आहे, आणि देवानं एकदाच खुर्ची पुढे केली आहे, तर बसावं. जयाबाईला पुढे तू मुकादम झाल्यावर हलकं काम देता येईल, तेव्हा दे.

आपल्या घरात आजवर कुणी मुकादम झालेलं नाही. मी स्वतः तीस वर्षं मागावर बसतोय, अजून माझ्यावर मुकादम आहे. हे मी गल्लीत बोलून टाकलं, राहवलं नाही. आता मागे फिरू नकोस.

तुझा,
अण्णा

—

शहापूर,
९ जून १९८४

तानीबाई,

आज चि. लिहायलाही हात उठत नाही. सुताच्या गाडीबरोबर आपल्या गल्लीतला भरमू निपाणीहून आला आणि भर चौकात, चार माणसांसमोर म्हणाला, "परशराम, तुझी भन बोरगावच्या बाजारात कासारापुढं बसून हिरव्या बांगड्या भरून घेत हुती. पाट लावला व्हय तिचा? आमाला बोलवायचं न्हाय?"  मी घरात आलो आणि कडी लावून घेतली.

लग्न करायचं असेल तर कर. मी जुन्या वळणाचा असेन पण दगड नाही. तू पंचविशीत विधवा झालीस तेव्हाच मी तुझ्या सासूबाईंकडे विषय काढला होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. पण मला न विचारता, न कळवता, बाजारात? कोण माणूस आहे तो? त्या कारखान्यातला आहे का? रुक्मीचं काय? महिनाभर तुझी एक ओळ नाही, आणि बातमी भरमूकडून यावी!

वहिनी म्हणते, आधी तिचं काय ते ऐका. म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिणार नव्हतो.

परशराम

—

बोरगाव,
१४ जून १९८४

अण्णा,

आधी हे की लग्न केलेलं नाही. माणूस बिणूस कोणी नाही. तू कडी काढ आणि चौकात जा, आणि भरमूला सांग की पाट लागला असता तर त्याला पहिलं बोलावलं असतं, फुकटच्या जेवणाला तो चुकत नाही.

बांगड्या मात्र भरल्या. ते खरं आहे. महिनाभर लिहिलं नाही कारण उजवा हात बांधलेला होता. आता सगळं सांगते.

तुझं दहा तारखेचं पत्र मला पटलं होतं. खरं तेच सांगायचं, मग भीती कसली, असं मनाशी म्हणत कामावर गेले. मोजा चढवला. तो नेहमीसारखा सरकन कोपरापर्यंत गेला. आणि मी तशीच उभी राहिले. अण्णा, हा मोजा माझ्या हाताला बसतो, कारण माझा नवरा मेलाय. त्यात माझा शहाणपणा कुठला? जयाबाईचा नवरा जिवंत आहे, एवढाच तिचा गुन्हा. आणि मी इन्स्पेक्टरांपुढे म्हणायचं की बघा साहेब, मी कशी नीट घालते. ते खरंच असतं, आणि त्या खऱ्यानं तिचं काम गेलं असतं. मला माझीच लाज वाटली.

नुसतं तोंडानं सांगून कुणी ऐकलं नसतं. बाया नियम पाळत नाहीत, हे साहेबांचं वाक्य तयारच होतं. म्हणून इन्स्पेक्टर येणार त्याच्या आदल्या दिवशी बाजारात शामू कासारापुढे जाऊन बसले. त्यानं विचारलं, कुणाच्या मापाच्या? मी हात पुढे केला. त्यानं आपला हात मागे घेतला. म्हणाला, "तानीबाई, मला पाप लागंल."

मी म्हटलं, "कामाला पायजेत. भर."

आजूबाजूच्या बाया भाजी घ्यायची सोडून बघायला लागल्या. माझे कान तापले होते, पण हात हलू दिला नाही. शामूनं खाली मान घालून दोन्ही हात भरले, गच्च, जयाबाईसारखे. बांगड्या भरल्यावर बाई कासाराला वाकून नमस्कार करते आणि तो तिला अखंड सौभाग्याचा आशीर्वाद देतो, ते तुला माहीतच आहे. मी वाकले. बिचाऱ्याला काय म्हणावं सुचेना. शेवटी म्हणाला, "हात शाबूत ऱ्हावूदेत." इतका चांगला आशीर्वाद मला लग्नातही कुणी दिला नव्हता.

घरी सासूबाईंनी हात बघितले आणि तोंड फिरवलं. त्यांच्याच हातानं माझ्या बांगड्या फोडल्या होत्या, त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. सकाळी झग्याच्या लांब बाह्यांत हात लपवून कारखान्यात गेले. बांगड्यांवर मोजे ओढले. ते अर्ध्यातच अडले, अगदी जयाबाईचे अडले तसेच. आणि कामाला लागले.

इन्स्पेक्टर कानडी बोलणारे, चष्मेवाले, शांत माणूस. साहेब त्यांना घेऊन थेट माझ्यापाशी आले आणि अभिमानानं म्हणाले, ही तानीबाई, आमची सगळ्यांत चांगली कामगार, हिला एकदाही इजा नाही. तोवर मला आग व्हायला लागली होती. इन्स्पेक्टर म्हणाले, "कै तोरिसव्वा." हात दाखव. मी मोजा ओढून काढला. आतून पाणी घळकन खाली सांडलं. हिरव्या बांगड्या, आणि बांगड्यांखाली कातडं लालभडक, उजव्या हाताला तर पांढरं पडलेलं. साहेबांनी आधी बांगड्यांकडे आणि मग माझ्या कपाळाकडे बघितलं. ही बाई विधवा आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी इन्स्पेक्टरांना म्हटलं, "हातमोजा चांगला हाय साहेब. पर त्यो रांडवेच्या हाताचा हाय. सवाशिणीच्या हाताचा आना, मग जयाबाईची चूक काडा."

 इन्स्पेक्टरांनीच माझा हात धरून मला नळापर्यंत नेलं आणि पाण्याखाली धरून उभे राहिले, तू सांगितलं होतंस तेवढा वेळ. मध्येच विचारलं की हौद तिकडे आणि नळ इकडे, हे कुणी ठरवलं?  त्याच दुपारी इन्स्पेक्टरांनी लिहून दिलं की जयाबाईचा दोष नाही, तिचं काम जाणार नाही, रुंद तोंडाचे, कोपरावर बांधायचे मोजे आणायचे आणि प्रत्येक हौदाशेजारी नळ घालायचा. नळ आले. मोजे यायचे आहेत.

मुकादम दुसऱ्या बाईला केलं. तू गल्लीत सांगून बसलायस, त्याचं वाईट वाटतं.

माझ्या उजव्या मनगटाला डाग राहील असं डॉक्टर म्हणतात. बांगड्या मी त्याच दिवशी सोडवून ठेवल्या, मला त्यांची हौस नव्हती आणि नाही. सासूबाई बरेच दिवस बोलल्या नाहीत. परवा ताटात भाकरी वाढताना एकदम म्हणाल्या, "दुकतंय व्हय गं अजून?" मी नाही म्हटलं. त्यांनी भाकरीवर लोण्याचा गोळा घातला.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. तुला वाटत असेल तर तसं लिही, पण भरमूच्या तोंडून कळवू नकोस.

तानी

—

शहापूर,
२ सप्टेंबर १९८४

चि. तानूस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या जूनच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं. गेल्या आठवड्यात मी तुमच्याकडे आलो तेव्हा निपाणीला सुताचं काम होतं, असं सांगितलं. काही काम नव्हतं. तुला बघायला आलो होतो. पण समोर बसलो की मला बोलता येत नाही, जेवण चांगलं झालं एवढंच बोलून परतलो. ते बोलायचं राहिलेलं आता लिहितो.

घरी येण्याआधी सकाळी मी तुमच्या कारखान्याच्या फाटकावर गेलो होतो. तुला ठाऊक नाही. पाळी सुरू होत होती आणि बाया फाटकाच्या आत भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या. मला आधी कळेना काय चाललंय. मग बघितलं, एकेक बाई हातातल्या बांगड्या उतरवत होती आणि भिंतीवरच्या दांडीत ओवून ठेवत होती. सवाशिणी, भर सकाळी, आपल्या हातानं. मी तर चरकलोच. शेजारी एक म्हातारा पहारेकरी होता, त्याला विचारलं की हे काय?

तो म्हणाला की नवे मोजे अजून आले नाहीत, येतील तेव्हा येतील, तोवर बायांनी आपसांत असं ठरवलंय. कंपनीनं आधी कितीदा सांगितलं होतं बांगड्या काढा म्हणून, एकीनंही ऐकलं नव्हतं. मग एका बाईच्या हाताचं ते सगळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी ती जयाबाईच, पट्ट्या बांधलेल्या हातांनी, फाटकात येऊन म्हणाली, "तानीआक्कानं आमच्यासाटनं घातल्या. मग आमाला तिच्यासाटनं काडाय काय झालं?" शामू कासार आता सगळ्यांना सैल मापाच्या भरतो, काढघाल करायला, आणि हे माझ्या धंद्याच्या मुळावर येतंय म्हणून कुरकुरतो. हे तू मला लिहिलं नव्हतंस. पानभर शामूचं लिहिलंस, आणि हे एवढं मोठं गाळलंस.

त्या घोळक्यात तू होतीस. मी तुला शोधत होतो आणि तू सापडत नव्हतीस. दाजी गेल्यापासून मी तुझ्याकडे बघितलं की आधी हातांकडे बघतो, नको म्हटलं तरी नजर तिथे जाते. तिथे सगळेच हात तसे होते. पांढरे झगे, मोकळी मनगटं, आणि सगळ्या हसत बोलत आत चालल्या होत्या. कोण सवाशीण, कोण नाही, काही समजत नव्हतं. तानू, मी तिथे फाटकाच्या गजाला धरून रडलो. म्हाताऱ्याला वाटलं मला भोवळ आली, त्यानं पाणी दिलं.

चौकातलंही सांगतो. मुकादमाचं काय झालं म्हणून गल्लीवाले विचारतात. मी त्यांना आता मटणाचा कारखाना असं स्वच्छ सांगतो, हौद सांगतो, चरबी सांगतो, सगळं. भरमूला समोर बसवून तुझं पूर्ण पत्र वाचून दाखवलं. तो ऐकून उठला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं विचारलं की तुमच्या बहिणीचा हात आता कसा आहे.

वहिनी म्हणते, दिवाळीला तू आणि रुक्मीनं इकडे यायचंच. सासूबाईंनाही आण. मी माझ्या मागावर तुझ्यासाठी लुगडं लावलंय, काठ हिरवा घेतलाय. नेसायचं की नाही ते तुझं तू ठरव.

एक शेवटचं. पाणी देऊन झाल्यावर त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं मला विचारलं की पाहुणे, तुम्ही कोण, कुठले? आजवर मला कुणी विचारलं तर मी सांगत आलो की परशराम, शहापूरचा विणकर, तीस वर्षं मागावर आहे. तेच तोंडात आलं होतं. पण मी म्हणालो, "तानीबाईचा भाऊ." तो म्हातारा खुर्चीवरून उठून उभा राहिला.

तुझा,
अण्णा